वाचकांचे प्रश्न: ॲल्युमिनियमचा गंज आडवाच का पळतो?

प्रश्न: मॅडम, मी मेटलर्जीच्या शेवटच्या वर्षाला आहे. 5083 या ॲल्युमिनियम मिश्रधातूत ग्रेन बाउंड्रीवरून, म्हणजे धातूतल्या कणांमधल्या सीमांवरून, गंज कसा सरकतो, याचं मॉडेल बनवतोय. व्होरोनॉय पद्धतीने (बिंदू विखरून प्रत्येकाला त्याच्या जवळची जागा देऊन) ग्रेन पाडले आणि सगळ्या बाउंड्रींना एकच वेग दिला. संगणकात गंज चहूकडे सारखा जातो. पण प्लेटचा तुकडा आठवडाभर 120 अंशांवर तापवून मिठाच्या पाण्यात पोटेन्शिओस्टॅटवर (विद्युत विभव ठरावीक ठेवणाऱ्या यंत्रावर) लावला, तर रोलिंगच्या दिशेला तो जाडीपेक्षा कितीतरी पुढे गेलेला दिसला. वेग बदलून पाहिला, तरी जमत नाही.
– एक विद्यार्थी, भांडुप

उत्तर: वेगाशी खेळत बसू नकोस, ग्रेनचा आकार बघ. व्होरोनॉयचे ग्रेन सगळीकडून साधारण सारखे असतात. तुझी प्लेट रोलरखालून आलेली आहे, तिचे ग्रेन चपटे आणि लांबट. यावर वीटभिंतीचं मॉडेल, म्हणजे ग्रेनना भिंतीतल्या विटा धरणारं, चांगलं चालतं. ओहायो स्टेट विद्यापीठातल्या फ्रँकेल आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये ते 2024 क्रमांकाच्या ॲल्युमिनियम मिश्रधातूसाठी मांडलं. रोलिंगच्या दिशेने जाणाऱ्या गंजाला विटांमधली लांब आडवी फट सरळ मिळते. जाडीत उतरायचं तर प्रत्येक थराला खालचा उभा सांधा सापडेपर्यंत आडवं जावं लागतं. समज, ग्रेन 100 मायक्रॉन लांब आणि 20 मायक्रॉन जाड आहे. जवळचा सांधा सरासरी 25 मायक्रॉनवर सापडेल. म्हणजे 20 खाली उतरायला 45 ची वाट. वेग तोच, खोली निम्म्याहून कमी!

आणि सरासरी खोली घेऊन समाधान मानू नकोस. प्लेट गळते ती सर्वात आधी पोचलेल्या एका वाटेने. तुकडा जितका मोठा, तितक्या सुरुवातीच्या जागा जास्त, आणि त्यांतली सर्वात छोटी वाट आणखी छोटी. बोटभर नमुन्यावरचा आकडा जहाजाच्या आख्ख्या डेकला लावणारे अहवाल मी माझगावच्या बाजूला नोकरीत असताना भरपूर वाचलेत. वाचून रागच यायचा.

सगळ्या बाउंड्रींना एक वेग हेही पटत नाही. 5083 मध्ये साडेचार टक्क्यांच्या आसपास मॅग्नेशियम असतं. साधारण 65 अंशांच्या वर दीर्घकाळ राहिलं की ते बाउंड्रीवर बीटा फेज (ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमचं संयुग) म्हणून बसतं, आणि बीटा भोवतालच्या धातूआधी विरघळतो. पण तो सलग बसत नाही. दोन ग्रेनमधला कोन लहान असेल तर तिथे कमीच. मॉडेलमध्ये काही टक्के बाउंड्री चक्क बंद ठेव आणि उरलेल्या जाळ्यातून वाट निघते का, ते बघ. अमेरिकी नौदलाच्या टिकॉन्डेरोगा वर्गातल्या क्रूझरवर 5456 या तशाच मिश्रधातूच्या वरच्या बांधकामाला भेगा गेल्या, त्यामागेही हेच बीटाचं दुखणं होतं.

नायट्रिक ॲसिडची जी 67 ही प्रमाणित चाचणी केली असशील, तर तिच्यावरून वेग काढू नकोस. तिथे 30 अंशांवर 24 तासांत वजन किती घटलं ते मोजतात: चौरस सेंटिमीटरला 15 मिलिग्रॅमपर्यंत ठीक, 25 च्या वर धोका. मधल्यांना मायक्रोस्कोपखाली घालावं लागतं. ही घट बरीचशी सुटून पडलेल्या आख्ख्या ग्रेनची असते. प्लेट तापून किती बिघडली ते कळायला चाचणी उत्तम, पण गंज खाऱ्या पाण्यात कसा धावेल ते ती सांगत नाही.

आता प्लेट तीनही बाजूंनी काप, माउंट कर (राळेत बसव), पॉलिश कर. हा धातू मऊ, पेपरवरचे सिलिकॉन कार्बाइडचे कण त्यात रुततात आणि नवशिक्याला ते खड्डे वाटतात. शेवटची पॉलिश जपून कर. धुतल्यावर लगेच अल्कोहोल मारून ड्रायरने वाळव, जुलैच्या दमट हवेत तसाच टाकलास तर सकाळी डाग. मग फॉस्फोरिक ॲसिडने एच करून (पृष्ठभाग हलका खाऊन सीमा उघड्या करून) ग्रेनची लांबी, रुंदी, जाडी मोज, आणि ती मापं घालून मॉडेल पुन्हा चालव. तरीही जुळलं नाही, तर मोजमापांसकट लिही.