पुडी गटारात टाकल्यावर

चि. बाळ,

तुझं पत्र मिळालं. बाबांची तंबाखूची पुडी तू गटारात टाकलीस आणि तिसऱ्या दिवशी नवी पुडी मागाच्या सुताच्या कांड्यांच्या डब्यात सापडली, हे वाचून हसू आलं. रागावू नकोस. माझ्या थोरल्या भावाच्या बाबतीत मीही हेच केलं होतं. त्याने तंबाखू सोडली नाही, माझ्यासमोर खाणं तेवढं सोडलं.

आधी चार दिवस नुसतं बघ. बाबा कधी मळतात, कुणाबरोबर? थोरला वडगावात मागावर रात्रपाळी करायचा. बाराच्या पुढे डोळे मिटायला लागले की तिघं बाहेर ओट्यावर येत. एकाने मळायची, तिघांनी चिमूट वाटून घ्यायची. झोप उडवणं तेच आणि घडीभर बोलणंही तेच. ते हिसकावून त्या जागी काय ठेवायचं, हा विचार मी केलाच नव्हता.

‘का सोडत नाही?’ असं विचारू नकोस. माणूस तंबाखूची वकिली सुरू करतो. आमच्या निपाणीत तर शिवारात तंबाखूच पिकते, तिथे हा प्रश्न थेट पोटावर जातो. ‘कमी करावीशी कधी वाटली का?’ असं विचार आणि गप्प बस. गप्प बसणं अवघड आहे, मला अजून जमत नाही. दारू सोडवण्याच्या कामातून अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ साली हेच मांडलं होतं: सोडण्याची कारणं त्याच्याच तोंडून यायला हवीत. थोरला बऱ्याच वेळाने म्हणाला, ‘नात तोंडाजवळ येऊ देत नाही.’ माझ्या शंभर भाषणांत हे नव्हतं.

मग बेत अगदी बारीक आखायचा. ‘उद्यापासून बंद’ हा बेत नव्हे. ‘ओट्यावर आलो की आधी लवंग तोंडात’ हा बेत. त्याने लवंगा शर्टाच्या खिशात, पुडी घरी कपाटावर ठेवली. तलफ काही मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ हात आणि तोंड गुंतलं की पुष्कळ झालं.

एकवीस दिवसांत सवय लागते, यावर विसंबू नकोस. लंडनमध्ये ९६ जणांवर झालेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडलं नाही. तेही पाणी पिणं, फळ खाणं अशा साध्या सवयींचं. इथे तर निकोटीन आहे. बाबा स्वतः तयार झाले तर १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर फोन लावून दे. पुडीवरच छापलेला असतो.

थोरला दोनदा सोडून पुन्हा लागला, मग तिसऱ्यांदा सुटली. मी दोन्ही वेळा तोंड उघडलं नाही, वहिनीने मात्र उघडलं.

शनिवारी वडगावात येतोय. बाबांना सांग, चहाला येईन. तंबाखूचा विषय मी काढणार नाही, तूही काढू नकोस.

तुझा,
काका