तळ्याकाठच्या रानवाटेवर एकट्याने चालताना भीती का वाटते? आणि तिथली झाडं मुळं उघडी पडूनही उभी कशी राहतात?

तुम्ही लिहिलंय की तळ्याच्या कडेने एकट्यानेच चालायला गेलात, काठावरची झाडं बघून हरखलात, आणि अर्ध्या वाटेत अचानक 'कुणीतरी मागे आहे' असं वाटून जवळपास पळतच परतलात. तिथे भ्यायला काहीच नव्हतं, म्हणून आता स्वतःवर चिडलायत. कृपा करून चिडू नका. मी अकरा वर्षं एकटी चालते आहे आणि मला हे अजूनही होतं. तुमचे दोन्ही प्रश्न मला एकाच जागी सुटले, एका वाळुंजाच्या (हे पाण्याकाठी वाढणारं झाड) बुंध्याशी, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

पहिल्याच वर्षातली गोष्ट. पहाटेचा वारा नुकता पडला होता, पाण्यावर थोडी लाट शिल्लक होती. मागून 'गुडुक' असा आवाज आला. थांबले, तर शांत. चार पावलं टाकली, पुन्हा 'गुडुक'. पोटात गोळा आला. वळून बघायचंही धाडस होईना. शेवटी वळले तेव्हा माणूस नाही, जनावर नाही, नुसतं एक झाड. त्याच्या बुंध्याखालचा काठ लाटांनी आतून कोरून नेला होता. लाट त्या पोकळीत शिरायची, आतली हवा बाहेर ढकलली जायची, तोच तो आवाज. मी चालत असताना तो पावलांच्या आवाजावर चढून अधूनमधूनच ऐकू येत होता, थांबल्यावर मी श्वास रोखून दुसरंच काहीतरी ऐकत होते.

एकटं असताना हे असंच होतं. दोघं असलो की बोलण्यात कान गुंततात आणि राखण आपोआप वाटली जाते. एकट्याला पुढचं, मागचं, वरचं सगळं स्वतःलाच बघावं लागतं, आणि पाठीला डोळे नसतात. त्यात मेंदूचा हिशोब साधा आहे: पाचोळ्यातल्या खसखशीला जनावर समजून दचकलो तर फार काही बिघडत नाही, पण जनावराला पाचोळा समजलो तर जिवावर बेततं. म्हणून आवाजाचा उलगडा होत नाही तोवर तो आधी 'कुणीतरी आहे' असंच धरून चालतो. माणसाला हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. आपण 'पॅनिक झालो' म्हणतो ना, तो शब्द 'पान' या ग्रीक देवावरून आलाय. निर्जन डोंगररानात कारण नसताना जी घाबरगुंडी उडते, ती हा रानचा देव उडवतो असं ग्रीक लोक मानत.

म्हणून भीती दाबायच्या मागे लागू नका. तिला काम द्या. मी जाड खोडाला पाठ टेकून उभी राहते आणि पाच आवाज ओळखेपर्यंत हलत नाही. दोन खोडं एकमेकांवर घासून दारासारखी करकरतात, पिकलेलं फळ पाण्यात पडतं, पालीएवढा जीव पाचोळ्यातून जाताना केवढा तरी मोठा वाटतो. आवाजाला नाव मिळालं की छातीतली धडधड उतरते. माणसाची भीती मात्र यात धरू नका. वाटेवर कुणाचं वागणं खटकलं, तर पुरावा शोधत बसू नका, सरळ मागे फिरा. मी दोनदा फिरले आहे आणि त्याची मला एकदाही लाज वाटलेली नाही.

घाबरून वाट सोडणं हा खरा धोका. 'इकडून जवळ पडेल' म्हणून मी एकदा ढगाळ दुपारी आत शिरले आणि तासाभराने स्वतःच्याच बुटांच्या ठशांवर येऊन पोचले. पुढे कळलं की यावर प्रयोग झालाय. जर्मनीतल्या संशोधकांनी लोकांना जंगलात आणि वाळवंटात सरळ चालायला सांगितलं, आणि सूर्य किंवा चंद्र दिसेनासा झाला की माणसं खरोखर गोल फिरू लागतात असं 2009 मध्ये दाखवून दिलं. तळ्याकाठी चालण्याचा हा एक मोठा फायदा आहे. जाताना पाणी डाव्या हाताला असेल तर येताना ते उजव्या हाताला हवं, एवढं धरून ठेवलं तरी पुरतं. बाकी कोणती वाट, किती वाजता परत, हे घरी सांगून निघा आणि शिट्टी गळ्यात असू द्या, सॅकमध्ये नको. आल्प्सच्या डोंगरांत 1894 पासून चालत आलेला मदत मागण्याचा संकेत असा: एका मिनिटात 6 शिट्ट्या, मग मिनिटभर शांतता, पुन्हा 6. उत्तरादाखल मिनिटाला 3.

आता झाडं. त्या दिवशी जीव भांड्यात पडल्यावर मी त्या वाळुंजाशी गुडघे टेकून बसले आणि बराच वेळ उठलेच नाही. निम्मी मुळं उघडी, पाण्यावर लोंबत असलेली. त्यातल्या एकाने नारळाएवढा दगड असा कवळला होता की दगड कुठे संपतो आणि मूळ कुठे सुरू होतं ते बोटांनाही कळेना. खोड पाण्याकडे झुकलेलं, आणि मग कोपरात वाकवल्यासारखं वर वळलेलं. माझ्या कमरेएवढ्या उंचीवर चिखलाची सुकलेली रेघ होती, म्हणजे पाणी तिथवर चढलं होतं. त्या रेघेच्या खाली सालीतून लालसर मुळांचा झुपका फुटलेला, दाढीसारखा.

झाडाला पाण्याचा त्रास पाणी म्हणून होत नाही, हे बहुतेकांना माहीत नसतं. मुळंही श्वास घेतात. जमीन पाण्याने भरली की मातीतल्या फटींमधली हवा जाते, आणि ऑक्सिजन पाण्यातून हवेपेक्षा सुमारे 10,000 पट सावकाश पसरतो. बऱ्याच झाडांची मुळं त्यात गुदमरून कुजतात. वाळुंज आणि त्याच्या कुळातली झाडं काय करतात, तर बुडालेल्या मुळांत अडकून साठणाऱ्या, झाडाने स्वतःच तयार केलेल्या इथिलीन वायूलाच इशारा समजतात. मुळांच्या आत हवेच्या पोकळ्या तयार होतात, सालीवरची श्वसनछिद्रं फुगून पांढरट, मऊ पुळ्यांसारखी दिसू लागतात, आणि खोडातूनच नवी मुळं फुटतात, वरच्या थरात, जिथे पाण्यात थोडा तरी ऑक्सिजन असतो. ती दाढी म्हणजे हीच मुळं. पाणी उतरलं की ती वाळून जातात.

झुकलेल्या खोडाचंही तसंच. रुंद पानांची झाडं झुकावाच्या वरच्या बाजूला वेगळ्या प्रकारचं लाकूड तयार करतात. ते दोरीसारखं ताणून धरतं आणि शेंड्याला वर खेचतं. सूचिपर्णी झाडं उलट करतात, खालच्या बाजूला लाकूड वाढवून खोड वर ढकलतात. पाण्यावरून येणाऱ्या वाऱ्याला अडवायला काही नसतं, आणि सतत हलणारं झाड बुटकं राहतं, बुंध्याशी जाड होतं. आपण 'चिवट' म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर दात-ओठ खाऊन उभं राहिलेलं काहीतरी येतं. पण हे झाड प्रत्येक धक्का टिपून घेतं आणि त्याप्रमाणे स्वतःत बदल करतं. तुमची ती अस्वस्थता मला याच जातीची वाटते.

जगात अशी काही झाडं प्रसिद्ध आहेत. अमेरिकेत लेक सुपिरिअरच्या काठी उघड्या खडकातून वाढलेला एक सिडार, म्हणजे एक सूचिपर्णी झाड, आहे. तिथले मूळ रहिवासी ओजिब्वे लोक त्याला पवित्र मानतात, आणि 1731 मधल्या फ्रेंच प्रवाशाच्या नोंदीतही तो सापडतो. त्याच जातीचे सिडार कॅनडात नायगरा कड्यावर हजार वर्षांहून जुने निघालेत. त्यांची खुबी अशी की एकेक मूळ खोडाच्या आपल्यापुरत्या पट्टीलाच पाणी पुरवतं. दरड पडून एक मूळ तुटलं तर तेवढीच पट्टी मरते, बाकीचं झाड हिरवं राहतं. न्यूझीलंडच्या वानाका तलावात पाण्यात एकटाच उभा असलेला विलो (वाळुंजाच्याच कुळातलं झाड) म्हणजे मुळात कुंपणाचा खांब, तो रुजला आणि झाड झालं. 2020 च्या मार्चमध्ये कुणीतरी करवतीने त्याच्या खालच्या फांद्या कापल्या. ते वाचून मला आलेला राग अजून गेलेला नाही. झाड मात्र जगलं.

परत जाल तेव्हा आधी खोडावरची चिखलाची रेघ शोधा, मग तिच्याखालची ती लालसर मुळं हाताने चाचपून बघा. कडक, ठिसूळ लागली तर पाणी उतरून बरेच दिवस झालेत. ओलसर, लवचीक असतील तर ते नुकतंच उतरलंय आणि काठ आतून पोकळ, भुसभुशीत असणार. तिथे चार पावलं आतून चाला, आणि 'गुडुक' ऐकू आलं तर क्षणभर थांबून खाली बघा.