चलानं झाली, आता विम्याचं काय?

चि. मित्रा, अनेक आशीर्वाद.

वर्षभरात तीन ई-चलानं, दोन वेगाची आणि एक मोबाइलचं. वर कोल्हापुरात तावडे हॉटेलजवळ फुटलेला बंपर. आणि विचारतोस, ‘आता विमा किती महागणार?’ चलानामुळे हप्ता वाढण्याची भीती तूर्त बाजूला ठेव. चलानाच्या पाठोपाठ परवान्याचं निलंबन येऊ शकतं, त्यानं विम्याचा क्लेम बुडतो, त्याला भी.

हप्त्याचं थोडक्यात सांगतो. पॉलिसीचे दोन भाग असतात. थर्ड पार्टीचा, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा, दर सरकार ठरवतं. 1 जून 2022 पासूनच्या दरांत 1000 सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला 2,094 रुपये, 1000 ते 1500 सीसीला 3,416, त्यावर 7,897, जीएसटी वेगळा. आयुष्यात एक सिग्नल न तोडलेल्या माणसालाही तेवढाच आणि तुलाही तेवढाच. ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, दर मात्र कंपनीच्या हातात, आणि तिथं तुझे आधीचे क्लेम बोलतात. चलानांना गुण देऊन जादा हप्ता लावावा, दारू पिऊन चालवल्यास 100 गुण, चुकीच्या पार्किंगला 10, अशी शिफारस विमा नियामक आयआरडीएआयच्या कार्यगटानं जानेवारी 2021 मध्ये केली होती. ती शिफारस होती, नियम नव्हे.

आता बंपर. क्लेम करायची घाई करू नकोस, आधी कागदावर हिशेब मांड. समज बंपर 5,000, बसवायची मजुरी 500, रंग 2,000, म्हणजे बिल 7,500. साध्या पॉलिसीत प्लास्टिकच्या भागावर 50 टक्के घसारा, म्हणजे वापरानं घटलेली किंमत, कापतात, म्हणजे बंपरचे 2,500 च मिळाले. रंगकामातला पाव हिस्सा सामानाचा धरून त्यावरही निम्मा घसारा, उरले 1,750. मजुरी पूर्ण. बेरीज 4,750. त्यातून 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीचे 1,000 रुपये वजा. हातात 3,750.

आणि जातं काय? तुझा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, 45 टक्क्यांवर आहे, यंदा क्लेम नसेल तर 50 होईल. तो फक्त ओन डॅमेजच्या हप्त्यावर मिळतो. हा हप्ता 8,000 धर. क्लेम केलास की बोनस शून्यावर येतो आणि पुढं दरवर्षी 20, 25, 35, 45 असा पायऱ्या चढतो. न केलास तर 50 वर टिकतो. पाच वर्षांतला फरक मोज: 4,000, 2,400, 2,000, 1,200, 400. झाले दहा हजार. पावणेचार हजारांसाठी दहा हजार! बंपर खिशातून कर. क्लेम ठेव मोठ्या धडकेसाठी, चोरीसाठी, शाहूपुरीत पुराचं पाणी शिरतं त्या दिवसांसाठी.

एजंट म्हणेल, कंपनी बदलू, जुना क्लेम दाखवायचा नाही. ऐकू नकोस. नवी कंपनी जुन्या कंपनीकडून बोनसची खात्री करून घेते, आणि खोटं नेमकं तुझ्या पुढच्या मोठ्या क्लेमच्या वेळी उघडं पडतं. पॉलिसीची तारीखही चुकवू नकोस. मुदत संपून 90 दिवस उलटले की बोनस गेलाच, आणि त्याआधीही खंड पडला की गाडीची तपासणी होते. विनाविमा सापडलास तर पहिल्या वेळी 2,000 दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद.

खरी मेख परवान्यात आहे. वेग, सिग्नल, मोबाइल, दारू या गुन्ह्यांत परवाना किमान तीन महिने निलंबित करावा, असं सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीनं 2015 मध्ये राज्यांना सांगितलं आहे. निलंबनाच्या काळात शिरोलीपर्यंत ‘जाऊन येतो’ म्हणून गाडी काढलीस आणि धडक झाली, तर स्वतःच्या गाडीचा एक रुपया मिळत नाही. समोरच्या जखमीला कंपनीला भरपाई द्यावी लागते, पण नंतर ती तुझ्याकडून वसूल करते. ती रक्कम लाखांत असू शकते. परवान्याची मुदतही बघ. संपल्यावर पूर्वी 30 दिवस सवलत असायची, 2019 च्या दुरुस्तीत ती गेली.

दारूचं तर विचारूच नकोस. रक्तात 100 मिलिलिटरला 30 मिलिग्रॅम ही मर्यादा. पन्हाळ्यावर पार्टी करून उतरताना ‘दोनच घेतल्यात’ हे कुणी मोजत नाही. श्वास किंवा रक्ताची तपासणी झाली नसली, तरी इतर पुराव्यांवरून नशा सिद्ध करायची मुभा सर्वोच्च न्यायालयानं 2021 मध्ये विमा कंपन्यांना दिली आहे. पहिल्याच वेळी दंड 10,000, कैदही होऊ शकते.

धडक झाली तर आधी जखमीला दवाखान्यात ने. मग पोलिसांना कळव आणि कंपनीच्या नंबरवर फोन कर, तक्रार क्रमांक लिहून घे. गाडी हलवायची वेळ आली तर आधी चारी बाजूंचे फोटो, नंबर प्लेट आणि रस्त्यासकट. नुकसान तपासणारा सर्व्हेअर येईपर्यंत दुरुस्ती नाही. समोरच्याला ‘भरून देतो’ असं लिहून देऊ नकोस; कंपनीच्या संमतीशिवाय केलेली तडजोड अटींच्या विरुद्ध जाते. फॉर्मवर गाडी चालवणाऱ्याचं नाव खरंच लिही. ‘दादाचं नाव लाव, त्याचा परवाना स्वच्छ आहे’ हा सल्ला गॅरेजवाल्यापासून पाहुण्यांपर्यंत सगळे देतात. एफआयआर आणि सीसीटीव्हीत दुसरं निघालं की क्लेम गेला, वर फसवणुकीचा गुन्हा अंगावर.

या आठवड्यात महाट्रॅफिक अ‍ॅपवर तिन्ही चलानं उघडून त्यांतले फोटो नीट बघ. नंबर तुझा नसेल तर तिथंच हरकत नोंदव. असेल तर भरून टाक. परवान्याला नोटीस आली तर ठरलेल्या दिवशी आरटीओत हजर राहून उत्तर दे.

तुझा,
काका

ता. क. गेल्या वर्षी विकलेली बाईक अजून तुझ्याच नावावर आहे म्हणतोस. कागदोपत्री मालक तूच, म्हणजे तिची चलानं तुला येणार, आणि तिनं कुणाला उडवलं तर भरपाईचा दावाही तुझ्यावरच. नाव बदलायचे फॉर्म 29 आणि 30 भर आणि बाईक घेणाऱ्याच्या मागे लाग.