कूलरचं पाणी आणि ‘दिवाणी मामला’

ताई, तुमची तक्रार थोडक्यात अशी: शेजाऱ्यांच्या खिडकीतला कूलर उन्हाळाभर गळतो, पाणी तुमच्या बेडरूमच्या भिंतीत मुरतं, वर रात्रभर घरघर. ठाण्यात गेलात तर ‘हा दिवाणी मामला आहे’ म्हणून परत पाठवलं.

राग येणारच, पण पोलीस बोलले ते बरोबर. गुन्ह्यात सरकार शिक्षा मागतं; दिवाणी मामल्यात ज्याला त्रास झाला तो स्वतः कोर्टात दाद मागतो. तुमचा शेजाऱ्यांशी करारही नाही. तरी तुमच्या घराला उपद्रव न देण्याचं बंधन कायद्यानेच त्यांच्यावर आहे. ते मोडलं की होतं अपकृत्य, वकिलांच्या तोंडी टॉर्ट. याचं एकच असं कायद्याचं पुस्तक नाही. बराचसा भाग निकालांतून, त्यातही जुन्या इंग्रजी निकालांतून आलेला.

मात्र नुकसान झालं की दावा, असं नसतं. तुमच्या तर्री-पोह्याच्या ठेल्यासमोर दुसऱ्याने ठेला लावला आणि गिऱ्हाईक तिकडे वळलं, तर पैसे बुडाले खरे, पण हक्क कोणता मोडला? १४१० मध्ये इंग्लंडातल्या ग्लॉस्टरच्या शाळामास्तरांची नव्या शाळेविरुद्ध हीच तक्रार होती, आणि ती टिकली नाही. उलट कुणी तुमच्या प्लॉटमध्ये विनापरवानगी शिरलं, तर रुपयाचंही नुकसान नसताना दावा होतो.

तुमच्या प्रकरणात मी आवाज आणि पाणी वेगळं ठेवीन. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या वर जातो. तेव्हा कूलरची घरघर कोण थांबवणार? उपद्रव ठरवताना कोर्ट तो परिसर, वेळ आणि सामान्य माणसाला किती सोसावं लागतं हे बघतं. आवाजावर भर दिलात तर दावा हलका होईल. भिंतीत मुरणारं पाणी मात्र कुणी सोसायचं कारण नाही.

कुणीतरी तुम्हाला ‘रायलँड्स विरुद्ध फ्लेचर’ नक्की सांगेल. रायलँड्सच्या गिरणीसाठी बांधलेल्या तलावाचं पाणी फ्लेचरच्या खाणीत शिरलं, आणि १८६८ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे इंग्लंडच्या तेव्हाच्या सर्वात वरच्या कोर्टाने, रायलँड्सची स्वतःची चूक नसतानाही त्याला जबाबदार धरलं. ऐकायला फिट्ट बसतं, पण बसत नाही. १९१३ च्या ‘रिकर्ड्स विरुद्ध लोथियन’मध्ये प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश साम्राज्यातल्या अपिलांचं शेवटचं कोर्ट) घरातलं नेहमीच्या वापराचं पाणी या नियमातून बाहेर ठेवलं. कूलर म्हणजे तेच. म्हणून तुमचा आधार उपद्रव आणि निष्काळजीपणा: गळतं हे सांगूनही त्यांनी दुरुस्त केलं नाही. ‘सांगूनही’ हा शब्द महत्त्वाचा, म्हणून आता जे सांगाल ते लेखी सांगा.

पुराव्याबद्दल माझा अनुभव सांगतो. आमच्या नंदनवनातल्या घरी हेच झालं होतं. शेजारी म्हणत, ‘तुमचीच पाइपलाइन फुटली असेल.’ मी दर रविवारी ओलीच्या डागाभोवती पेन्सिलीने रेघ ओढायचो, तारीख लिहायचो आणि टेप लावून फोटो काढायचो. पाच रविवार डाग वाढत गेला. मग शेजारी लग्नाला आठ दिवस गावी गेले, कूलर बंद. पुढच्या रविवारी ओल शेवटच्या रेघेच्या चार बोटं आत आली होती. आमचे नळ तेव्हाही रोज चालूच होते! प्लंबर बघून म्हणाला, ‘हे पाणी नळाचं नाही बाप्पा, कूलरचंच होय.’ त्याच्याकडून तेच सहीनिशी लिहून घेतलं, प्लास्टरच्या खर्चाच्या अंदाजासकट.

कोर्टात दोन गोष्टी मागता येतात: भरपाई आणि मनाई हुकूम, म्हणजे त्रास थांबवा असा कोर्टाचा आदेश. भरपाईची मुदत साधारण ३ वर्षं. गळती चालू आहे तोवर मुदत नव्याने धावते, पण जुन्या उन्हाळ्यांचे पैसे हवे असतील तर त्यावर विसंबू नका. आणि थेट दाव्याआधी सिव्हिल लाइन्सला जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. प्रकरण दावापूर्व लोकअदालतीत जातं, कोर्ट फी लागत नाही, आणि तिथली तडजोड कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकीच पक्की असते. समोरचा तयार हवा, एवढीच अडचण.

आमचे शेजारी फोटो बघून तयार झाले. कूलरच्या टाकीचा फ्लोट, म्हणजे टाकी भरली की पाणी बंद करणारा तरंगता गोळा, अडकत होता. तो बदलला, प्लास्टरचा खर्च निम्मा-निम्मा केला. निम्मा मी का दिला, असं बायको अजून विचारते.