वनस्पतींचा अर्क घातला तर बायोडिझेल खरंच जास्त टिकतं का?

टिकतं, पण कोणता अर्क यावर सगळं अवलंबून आहे.

बायोडिझेल, म्हणजे तेल-चरबीपासून बनवलेलं इंधन, खराब होतं ते तेलाला खवट वास येतो त्याच कारणाने. त्यातल्या लिनोलेइक, लिनोलेनिक अशा असंतृप्त मेदाम्लांच्या दुहेरी बंधांमधल्या कार्बनवरचा हायड्रोजन सहज सुटतो, तिथे ऑक्सिजन चिकटतो आणि साखळी अभिक्रिया सुरू होते. पेरॉक्साइड, मग आम्लं, शेवटी फिल्टर तुंबवणारा चिकट गाळ. अर्कातली फिनॉलिक संयुगं स्वतःचा हायड्रोजन देऊन ही साखळी तोडतात.

खरी अडचण विरघळण्याची. पाण्यात किंवा अल्कोहोलमध्ये काढलेला ग्रीन टीसारखा अर्क बायोडिझेलमध्ये नीट मिसळत नाही, तळाशी बसतो. त्या मानाने रोझमेरीतलं कार्नोसिक आम्ल तेलात बरं विरघळतं. माझी पसंती त्यालाच.

टिकाऊपणा मोजायचा रॅन्सिमॅटवर, म्हणजे गरम इंधनातून हवा सोडून ते किती तासांत खराब होऊ लागतं हे पाहणाऱ्या यंत्रावर, ११० अंश सेल्सिअसला. युरोपीय मानक किमान ८ तास मागतं, अमेरिकी ३ तास. टीबीएचक्यू, पायरोगॅलॉल ही ऑक्सिडेशन रोखणारी कृत्रिम रसायनं कमी मात्रेत जास्त काम करतात, हे मात्र मान्य करावं लागेल.

अर्क ताज्या इंधनातच घाला. एकदा खवटलेलं परत सुधारत नाही. आणि टाकी तांब्याची नको, तांबं ऑक्सिडेशनला चालना देतं.