'मलाही' या एका शब्दात मावणारी शंका

प्रश्न असा आला आहे. तीन मैत्रिणींना चौथीचा मेसेज आला, 'मी नक्की येईन.' वाचताक्षणी तिघींनाही वाटलं, काहीतरी बिनसलंय. काय ते एकीलाही सांगता येईना. दुसऱ्या दिवशी एकमेकींशी बोलल्यावर कळलं की तिघींच्या मनात तेच आलं होतं. या भावनेला मराठीत एक शब्द आहे का, आणि 'मनात पाल चुकचुकली' म्हटलेलं चालेल का?

आधी पालीचं बघू. वाक्प्रचार चालेल, आणि चांगला चालेल. पालीचा आवाज खोलीतल्या सगळ्यांना ऐकू येतो, पण पाल असते कुठेतरी फोटोच्या मागे किंवा आढ्याला. आवाज आहे, जागा सापडत नाही. बोलण्याच्या मध्येच ती चुकचुकली की लोक त्याला शकुन-अपशकुन मानत आले, म्हणून तो आवाज शंकेचा झाला. मला यातली खरी गंमत व्याकरणात दिसते. तिघींबद्दल बोलतानाही आपण 'तिघींच्याही मनात पाल चुकचुकली' असंच म्हणतो. 'पाली चुकचुकल्या' कुणी म्हणत नाही. माणसं तीन, पाल एकच! तुम्हाला हवा असलेला एकत्रपणा त्या एकवचनात आहे. फक्त एक जपायला हवं: पालीला पुढच्या अनिष्टाची चाहूल असते. मैत्रीण नुसती दुखावली असेल तर पाल जरा जड होते.

'कुठेतरी पाणी मुरतंय' मात्र इथे नको. भिंतीवर ओल दिसते, रंगाचे पोपडे सुटतात, पण गळती कुठे आहे ते कळत नाही. प्रतिमा सुरेख आहे. पण आज आपण ती वापरतो ती कुणीतरी मुद्दाम लपवाछपवी करतंय असं म्हणायचं असताना. हिशेब जुळत नाही, तिथे पाणी मुरतं. 'काळंबेरं' तर सरळ आरोपच. मैत्रिणीच्या मेसेजला हे दोन्ही शब्द लावले तर तिच्यावर अन्याय होईल. 'कुणकुण' लागते तेव्हा बातमीचा तुकडा कानावर आलेला असतो, तुमच्याकडे तोही नाही. 'चुकल्याचुकल्यासारखं' वाटतं ते कुणी नेहमीचं माणूस जवळ नसलं की. तो वेगळाच हळवेपणा आहे.

'खटकणं' सगळ्यात जवळचं. वाट सपाट असताना पाय कशाला तरी अडखळावा, तसं. जे खटकतं ते समोर असतं, का खटकलं ते नंतर कळतं. तुमच्या मेसेजचं नेमकं तसंच झालंय, आणि कारण शोधता येतं. ही मैत्रीण एरवी काय लिहिते? माझा अंदाज आहे, 'येतेच गं.' आता शेजारी ठेवून बघा: 'मी नक्की येईन.' मराठीत क्रियापदातच माणूस कळतो, म्हणून घरगुती बोलण्यात 'मी' बहुतेक वेळा गळतो. इथे तो लिहिलाय. 'येते' म्हणणारी जणू चपला घालायला निघालेली असते, 'येईन' म्हणणारी अजून बसलेली असते. आणि जिथे कुणी शंका घेतलीच नव्हती तिथे 'नक्की' आलंय. वर 'गं' गेला. एका छोट्या वाक्यात चार बदल. प्रत्येक बदल एकेकटा अगदी बिनचूक आहे, म्हणूनच बोट ठेवता आलं नाही. पण तिघींनी या मैत्रिणीचं बोलणं वर्षानुवर्षं ऐकलंय, तिची चाल कानात बसलीय. तिघींना एकदम खटकलं यात मला गूढ काही वाटत नाही. कानाला फरक आधी कळला, शब्द मागाहून आले. तिचं खरंच काही बिनसलंय का, हे मात्र या चार बदलांवरून ठरत नाही. कदाचित ती फक्त घाईत असेल. ते तिलाच विचारायला हवं.

आता 'सगळ्यांना मिळून' या भागाकडे. त्यासाठी वेगळं नाम मराठीत मला माहीत नाही, आणि 'सामूहिक अंतर्ज्ञान' असलं काही घडवू नये असं मी आग्रहाने म्हणेन. अंतर्ज्ञान म्हटलं की कळलेलं खरंच आहे असा दावा होतो. आपल्याकडे हे काम अव्यय आणि सर्वनाम करतात. पहिली म्हणते, 'मला जरा वेगळं वाटलं.' दुसरी म्हणते, 'मलाही.' त्या 'ही'पाशी भावना दोघींची होते. मग क्रियापदही बदलतं, बघा: एकटीला 'वाटतं', पण तिघींचं जुळल्यावर 'जाणवलं' येतं. वाटणं आपल्या मनाचं असतं. जाणवतं ते बाहेर आहे असं आपण धरून चालतो. आपल्याही नकळत आपण खात्रीची एक पायरी चढलेलो असतो.

आणि 'आपण'. 'आम्हाला खटकलं' म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, 'आपल्याला खटकलं' म्हटलं की तो आत येतो. गुजरातीत हा भेद 'अमे' आणि 'आपणे' असा आहे, तेलुगूत 'मेमु' आणि 'मनमु', तमिळमध्ये 'नांगळ' आणि 'नाम'. हिंदीचं 'हम' दोन्हीकडे चालतं. तिघी आपसात बोलत असतील तर 'आपल्याला', त्याच चौथीला विचारायला गेल्या तर 'आम्हाला'. तिथे चुकून 'आपल्याला' म्हटलं तर तिलाच तिच्या मेसेजबद्दल शंका घेणाऱ्यांत बसवल्यासारखं होईल.

तेव्हा तुम्ही लिहीत असाल तर 'तिचा मेसेज तिघींनाही खटकला' इतकं पुरे. आणि तिला विचारताना 'तुझं काही बिनसलंय का गं?' असं विचारा. 'गं' तेवढा विसरू नका.