नांदूर मधमेश्वर पक्षी अभयारण्यात पहिल्यांदा मोजणीला येतोयस ना?

जानेवारीत पाणपक्षी गणनेला येतोयस तर एक सांगतो, पहाटे तिथे धुकं इतकं असतं की दुर्बिणीतून काहीच दिसत नाही, वैतागू नकोस, कान उघडे ठेव, पट्टकादंबांचा, म्हणजे डोक्यावर काळे पट्टे असलेल्या हंसासारख्या पक्ष्यांचा, आवाज आधी येतो. हिमालय ओलांडून आलेला तो थवा धुक्यातून डोक्यावरून गेला तेव्हा मी पेन्सिल धरून नुसता उभा राहिलो, नोंद राहिली ती राहिलीच.

मोजताना एकेक बदक मोजत बसू नको रे. आधी दहा मोज, त्यांनी किती जागा घेतली ते डोळ्यात बसव आणि तेवढेच ठोकळे पुढे टाकत जा, वारकरी (हे काळे पाणपक्षी) शेकड्यांनी बसलेले असतील तिथे शंभराचा ठोकळा. पण त्याआधी अख्खा थवा एकदा स्कॅन कर, कारण मार्श हॅरियर हा शिकारी पक्षी आला की सगळं पाणी एकदम उडतं आणि आकडा गेला!! आमचं अर्ध्या तासाचं काम दोनदा असं गेलं, पण ते उडणं अजून डोळ्यासमोर आहे.

ओळख पटली नाही तर अंदाजाने नाव टाकू नको, सरळ "अनोळखी बदक" लिही. आणि जिथे एकही पक्षी नाही तिथलं शून्यसुद्धा लिहायचं, ते बहुतेक जण विसरतात.